मधल्या रिकाम्या जागेतला आवाज

घरातील वृद्ध माणूस रेडिओचा अथवा टीव्हीचा आवाज वाढवीत जातो, घरातील बाकीची माणसे तो कमी करीत राहतात, आणि या ओढाताणीतून एक दिवस वृद्ध माणूस ऐकणेच सोडून देतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे घडले असेल. देवगाव रंगारीसारख्या गावी इतकी वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना मी ते पुष्कळदा पाहिले आहे. त्यांपैकी एका घराची हकिगत आज सांगावयाची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दरमहा येत. येताना हमखास म्हणत, ‘‘डॉक्टरसाहेब, भजनात पेटी ऐकू येते, पण टाळ हरवले.’’ मी हसून म्हणे, ‘‘गुरुजी, वयोमानाने होते असे.’’ दोन वर्षे मी हेच उत्तर दिले आणि त्या दोन वर्षांत एकदाही त्यांच्या कानात दुर्बीण घालून पाहिले नाही. ही माझी चूक होती आणि ती मला कळली ती एका विचित्र वाटेने.

पुण्याच्या मुलाने वडिलांसाठी दोन चांगले स्पीकर पाठवले. जुनी भजने, नाट्यसंगीत, भीमसेन जोशींची अभंगवाणी सारे ऐकता यावे ही इच्छा. महिनाभराने सूनबाई दवाखान्यात आल्या त्या तक्रार घेऊनच. आवाज इतका मोठा असतो, की मुलांना अभ्यास करवत नाही; आणि एवढे करून मामंजी म्हणतात, ‘गाणारा आमच्याकडे पाठ करून बसला आहे.’ एका संध्याकाळी मी घरी गेलो. एक स्पीकर लोखंडी कपाटावर छताला टेकलेला, दुसरा देवघराशेजारी जमिनीवर, अर्धा पडद्याआड. गुरुजी खिडकीजवळच्या पलंगावर, दोन्हींपासून तिरके. अशा मांडणीत तरुण माणसाच्या कानालाही गायक कुठे बसला आहे ते कळले नसते.

हे असे का, ते समजण्यासाठी आपल्याला दोन कान का आहेत, तेथून सुरुवात करावी लागेल. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला आधी पोहोचतो. डाव्या कानापर्यंत जाण्यास त्याला मस्तकाला वळसा घालावा लागतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. शिवाय मस्तकाच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला तो, विशेषतः त्यातील उंच स्वर, किंचित क्षीण ऐकू येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. मागून येणारी मोटारसायकल कोणत्या बाजूने येते आहे हे मान न वळवता कळते ते यामुळे, आणि चार माणसे एकदम बोलत असताना त्यांतील एकाचेच बोलणे वेगळे काढता येते तेही बऱ्याच अंशी यामुळेच.

या गुणाचा उपयोग ध्वनिमुद्रणात करून घेण्याची कल्पना लंडनच्या ॲलन ब्लमलिन या अभियंत्याची. चित्रपटात नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातो, पण त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येतो, हे त्याला खटकले, असे सांगतात. 1931 साली त्याने स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे 1942 मध्ये विमानातील रडार यंत्रणेच्या चाचणीच्या वेळी झालेल्या अपघातात वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला. आपली कल्पना घरोघरी पोहोचलेली त्याला पाहता आली नाही. दोन स्पीकरमधून तोच आवाज सारख्याच जोराने आणि एकाच वेळी कानांवर पडला, तर मेंदूला तो दोघांच्या बरोबर मधून, जेथे काहीही नाही त्या रिकाम्या जागेतून, येतो असे वाटते. आवाज थोडा डावीकडे अधिक दिला, की वादक डावीकडे सरकतो. स्टिरिओची सारी किमया ती एवढीच.

पण ती फार नाजूक आहे. आपण एका स्पीकरच्या केवळ फूटभर अधिक जवळ बसलो, तर त्याचा ध्वनी सुमारे एक सहस्रांश सेकंद आधी पोहोचतो आणि मेंदू त्यालाच खरा मानतो. मधला गायक उठून त्या पेटीत जाऊन बसतो, आणि दुसरा स्पीकर चालू आहे की बंद हेही नीट कळेनासे होते.

म्हणून मांडणी त्रिकोणात करावी. दोन स्पीकर एकमेकांपासून सहा फूट असतील तर आपली खुर्चीही प्रत्येकापासून सहा फूट. खोली लहान असेल तर पाच-पाच फूट चालेल. सुतळीचा एक तुकडा घेतला की मोजपट्टीची गरज नाही. स्पीकरची तोंडे किंचित आत, ऐकणाऱ्याकडे वळवावीत. त्यांची उंचीही बघावी. दोन भागांच्या पेटीत वरचा जो लहान गोल असतो तो उंच स्वर काढतो, आणि उंच स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. झोताबाहेर बसणाऱ्याला ते कमी मिळतात. तो लहान गोल बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ही उंची जमिनीपासून साधारण तीन ते साडेतीन फूट भरते. गादीवर बसणाऱ्यासाठी त्याहून बरीच कमी. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी स्पीकर उशाशी न ठेवता पायथ्याच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याकडे तोंड करून ठेवावेत.

उंच स्वरांचा हा आग्रह वृद्धांच्या बाबतीत मी मुद्दाम धरतो. वार्धक्यात कानाच्या शंखातील संवेदक पेशी झिजतात त्या उंच स्वरांच्या बाजूने आधी. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर जड आणि ठसठशीत, ते शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ ही व्यंजने मात्र नाजूक, ती गळून पडतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येते, पण समजत नाही.’ गुरुजींची पेटी राहिली आणि टाळ हरवले ते यामुळेच. अशा कानाला नुसता मोठा आवाज देऊन भागत नाही, कारण सोबत खर्जही मोठा होतो आणि तो खर्ज उरल्यासुरल्या उंच स्वरांना झाकून टाकतो. स्पीकर कोपऱ्यात सारला की खर्ज फुगतो. ‘बास’ वाढला म्हणून तरुण मुले खूश होतात, पण त्याच क्षणी आजीच्या कानातून शब्द निसटतात. मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट आणि कोपऱ्यापासून त्याहून अधिक अंतर राखावे.

खोलीचा परिणामही मोठा आहे. आमच्या भागातून वेरूळ काही फार दूर नाही. तेथील दहाव्या लेण्यात, लोक ज्याला सुतार की झोपडी म्हणतात त्या चैत्यगृहात, एखादा स्वर लावून पाहावा. तो कमानीच्या छताखाली रेंगाळत राहतो. मंत्रोच्चारासाठी हे फार सुंदर. पण बातम्या ऐकण्यासाठी अशी खोली शत्रूसमान, कारण मागचे अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे त्यावर येऊन पडते. आपल्या नव्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, वर स्लॅब अथवा पत्रे, आणि सामान भिंतीला टेकवलेले. आवाज आपटत राहतो. जुन्या माळवदी घरांत मातीच्या जाड भिंती, लाकडी सरे आणि वर पांढऱ्या मातीचा थर असे. त्या घरांत बोलणे कसे मऊ आणि स्पष्ट ऐकू येई, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. ती घरे परत येणार नाहीत. मात्र त्यांचा थोडा गुण उधार घेता येतो. ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर एक आरसा हळूहळू सरकवावा. आरशात जेथे स्पीकर दिसेल, तेथूनच त्याचा ध्वनी परावर्तित होऊन कानावर येतो. त्या जागी भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून जाड गोधडी टांगावी किंवा पुस्तकांचे कपाट ठेवावे. समोर सतरंजी अंथरावी. पण तिची कड दुमडलेली नको आणि स्पीकरची तार येण्याजाण्याच्या वाटेत तर मुळीच नको. मांडीचे हाड मोडून घेण्याइतके कोणतेही गाणे मोलाचे नाही. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी स्पीकर अथवा हेडफोन छातीशी धरू नयेत, वीतभर तरी दूर ठेवावेत. त्यांत चुंबक असते.

अजून एक गोष्ट तपासून पाहावी. स्पीकरच्या मागे तांबड्या व काळ्या अशा दोन खुणा असतात. एका पेटीची जोडणी उलटी झाली, तर आवाज येतो, पण खर्ज पातळ होतो आणि मधला गायक धुरासारखा पसरतो. गुरुजींकडे नेमके हेही झाले होते.

तासाभरात आम्ही सारे नीट मांडले. दोन स्टुले, एक सुतळी, सूनबाईंची गोधडी. मग मी एक जुनी रेडिओची ध्वनिफीत लावायला सांगितली. जुने मुद्रण घेण्याचे कारण असे की ते मोनो असते. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर ‘गीतरामायण’ची 56 गीते प्रसारित झाली, तीही मोनोच. अशा मुद्रणात डावे-उजवे काही नसते. सारे दोन्ही स्पीकरमधून सारखेच येते. मांडणी बरोबर असेल तर गायक थेट मध्ये बसायला हवा. माझ्या कानाला तो मध्येच होता. सूनबाईंनाही. गुरुजी मात्र म्हणाले, ‘‘डावीकडे आहे.’’

मी तारा बदलून पाहिल्या, तरी डावीकडे. मग मी त्यांची खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसवले. खोलीचा दोष असता, तर जो स्पीकर आधी डावीकडे होता तो आता उजवीकडे आला असल्याने आवाजही उजवीकडे गेला असता. गुरुजी क्षणभर थांबून म्हणाले, ‘‘अजून डावीकडेच.’’ म्हणजे दोष खोलीत नव्हता. तो गुरुजींसोबत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाहिले. उजवा कान मळाने पूर्ण बुजलेला. चार दिवस थेंब घालून मळ मऊ करून काढला. फरक पडला, पण पुरता नाही. कपाळाच्या मध्यावर टेकवलेला ध्वनिचिमटा त्यांना डाव्या, म्हणजे चांगल्या कानातच ऐकू येत होता. यावरून उरलेला दोष मळाचा नसून आतल्या कानाचा अथवा मज्जातंतूचा, असा अंदाज बांधता येतो. एकाच बाजूचे ऐकणे दुसरीपेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर ते ‘वय झाले’ म्हणून सोडून देता येत नाही. वार्धक्य सहसा दोन्ही कानांना सारखेच गाठते. एका बाजूच्या बधिरतेमागे क्वचित श्रवण मज्जातंतूवरची गाठ असू शकते. गुरुजींना छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागाकडे पाठवले. श्रवणचाचणी झाली, स्कॅन झाले. गाठ नव्हती. ते आठ दिवस त्या घराने कसे काढले ते मी पाहिले आहे, आणि आपल्या दोन वर्षांच्या हसण्याचा विचार करीत मी ते कसे काढले तेही मला ठाऊक आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांना हे विशेष सांगणे आहे. एका कानाचे ऐकणे काही तासांत वा दोन-तीन दिवसांत अचानक कमी झाले, तर सर्दी अथवा मळ समजून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्या आजारावर औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांत दिले तरच बहुधा उपयोगी पडते. एकाच कानात सतत गुणगुण, भोवळ अथवा स्राव असेल तरीही तपासणी हवी. मधुमेही वृद्धाच्या कानात तीव्र ठणका असेल तर विलंब धोक्याचा. काडी, केसांची पिन, गरम तेल यांतले काहीही कानात घालू नये.

गुरुजींना दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लागली. एकच घेऊ या, खर्च वाचेल, असे घरचे म्हणत होते. परंतु दिशा ओळखण्यासाठी दोन कान लागतात हे आपण वर पाहिलेच. दोन्ही कानांत दोष असताना एकच यंत्र लावल्यास ते गणित सुटत नाही. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना श्रवणयंत्रे मोफत मिळतात, त्याची चौकशी अवश्य करावी. यंत्र लावून गाणे ऐकताना संगीतासाठीची वेगळी मांडणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. गोंगाट गाळण्यासाठी घडवलेले हे यंत्र कधीकधी तानपुऱ्यालाच गोंगाट समजते.

आवाज मोठा करण्यापेक्षा त्रिकोण लहान करून जवळ बसावे. जवळ बसले की भिंतींवरून आलेल्या आवाजापेक्षा सरळ येणारा आवाज अधिक ठरतो आणि शब्द उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला चाळीस तास, 80 डेसिबल अशी आहे. गुरुजी पूर्वी लावीत तो आवाज माझ्या अंदाजाने त्याच्या वर जात असावा. टीव्हीच्या बाबतीतही हेच सूत्र. हल्लीच्या सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली अथवा मागे तोंड करून असतात. संवाद भिंतीशी बोलतात आणि आपण उगाच आजीवर चिडतो.

परवा गुरुजींकडे गेलो तेव्हा खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर पांढऱ्या रेघा दिसल्या. शाळेतला जुना खडू त्यांनी अजून जपून ठेवला आहे. फरशी पुसताना त्या रेघा पुसल्या जातात, म्हणून सूनबाई आधी खुर्ची जागच्या जागी ठेवून भोवती पुसतात. दुपारी गुरुजी झोपले की त्या स्वतः त्या खुर्चीवर बसून मालिका पाहतात. आवाज कमी असतो. टाळ अजून पूर्वीइतके लख्ख ऐकू येत नाहीत, असे गुरुजी म्हणाले. पण ते कुठे वाजत आहेत ते आता कळते.