कामावर जाणारी सायकल

पहाटे परभणीच्या रस्त्यांवर जी सायकल दिसते, ती हौसेची नसते. कृषी विद्यापीठाच्या शेतांवर निघालेला मजूर, मोंढ्यातला हमाल, घरोघर रतीब घालणारा दूधवाला, पूर्णेला रात्रपाळी संपवून परतणारा रेल्वे कामगार, यांची ती सायकल होय. तिला पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही, आणि बेताने चालवली तरी पाच किलोमीटरची वाट ती वीस-पंचवीस मिनिटांत संपवते. परंतु या स्वाराच्या मिळकतीवर एका घराची चूल पेटत असते. तो संध्याकाळी सुखरूप परततो की नाही, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस किरकोळ वाटत नाही.

सायकलीचा आजचा आकार मुळात सुरक्षिततेसाठीच आला. त्यापूर्वीच्या सायकलींचे पुढचे चाक फार उंच असे आणि ते खड्ड्यात अडकले की स्वार डोक्यावर आपटे. १८८५ साली इंग्लंडातील जॉन केम्प स्टार्ले याने बुटक्या चाकांची, चेनने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. अशा सायकलींना तेव्हा ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षित सायकल हेच नाव पडले. यंत्रातला धोका असा कमी झाला. पुढे मोटारी आल्या आणि धोका रस्त्यावर येऊन उभा राहिला.

तो नेमका कसा असतो, हे थोड्या हिशेबाने समजते. पाथरी, मानवत, परभणी करीत वसमतकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ घ्या. ताशी साठ किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. चालकाला काही दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद जातो; त्यानंतर गाडी थांबायला आणखी वीस मीटर तरी लागतात. म्हणजे एकूण पस्तीस-चाळीस मीटर झाले. आता अंधारात, दिव्याचा झोत खाली असताना, गडद कपड्यांतला माणूस साधारण पंचवीस-तीस मीटरांवरच नजरेस पडतो. याचा अर्थ उघड आहे. चालक शुद्धीत असला, सावध असला, तरी तो वेळेवर थांबू शकत नाही. हीच गाडी ताशी तीसने आली तर तेरा-चौदा मीटरांत थांबते. सायकलीच्या मागच्या मडगार्डला चमकणारी पट्टी लावली, तर ती शंभर मीटरांहून अधिक लांबून दिसते. पांढरा सदरा, मागे तांबडा दिवा आणि पायडलवरचे रिफ्लेक्टर यांचे मोल हे असे आहे.

दिसण्याइतकेच महत्त्व आपला बेत दुसऱ्यास कळण्याला आहे. पुष्कळ सायकलस्वार समोरची गाडी दिसावी म्हणून उजव्या बाजूने जातात. हा समज घातक आहे. ताशी चाळीसची गाडी आणि पंधराची सायकल एकाच दिशेने असली तर टकरीचा वेग पंचवीस. समोरासमोर आली तर पंचावन्न. तेव्हा डावी बाजूच धरावी. मात्र अगदी कडेला चिकटू नये. आपल्या काळ्या मातीत डांबराची कड पावसाने खचते, आणि तिथे चाक घसरले की स्वार रस्त्याच्या आत कोसळतो. कडेपासून दीड-दोन हात सोडून, नागमोडी न जाता, सरळ रेषेत चालावे. उजवीकडे वळायचे तर आधी मागे पाहावे, हात दाखवावा, मग वळावे. रहदारी दाट असेल तर उतरून, सायकल हाती धरून रस्ता ओलांडण्यात कमीपणा नाही.

उसाच्या हंगामात गंगाखेड, पाथरी या बाजूस आणखी एक सावधगिरी लागते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना त्याची मागची चाके वळणाच्या आतल्या बाजूस सरकतात. म्हणून तो डावीकडे वळत असता त्याच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नये. मालमोटारीच्या डाव्या बाजूचेही तसेच. तिथला स्वार चालकाला पुष्कळदा दिसतच नाही.

सायकलीकडेही आठवड्यातून एकदा पाहावे. ब्रेकची रबरे झिजली आहेत काय, चेन सैल आहे काय, घंटी वाजते काय? ब्रेक दोन्ही मिळून दाबावेत. पावसात ओल्या रिमवर ते उशिरा धरतात, म्हणून आधीच हलके दाबून रिम पुसून घ्यावी. पायघोळ विजार, ओढणी, पदर चाकात जाणार नाही असा आवरावा.

परंतु सगळा भार सायकलस्वारावर टाकणे न्यायाचे नव्हे. जर्मनीत २०२० पासून मोटारचालकाने सायकलीला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडावे, असा नियम आहे. आपल्याकडील चालकाने तेवढे अंतर आपखुशीने सोडण्यास काय हरकत आहे? खचलेल्या कडा भरणे आणि नाक्यावरचे दिवे चालू ठेवणे हे रस्ता राखणाऱ्यांचे काम आहे. ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावणे हे ट्रॉलीमालकाचे. नागरिकांनी ही मागणी अर्ज करून, नेटाने मांडावी. आणि ती पुरी होईपर्यंत आपल्या घरून कामावर जाणाऱ्या प्रत्येक सायकलीच्या मडगार्डला पट्टी आहे की नाही, हे आज रात्रीच पाहून घ्यावे.