उलटं उडणारं विमान पडत का नाही?

नागपुरातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत विमानाचा तक्ता हमखास असतो. त्यावर पंखाचा आडवा छेद काढलेला, वरून लाल बाण, खालून निळे बाण. शेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेलं सांगतो : पंख वरून फुगीर असतो, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो. खालच्या हवेला जवळचा. दोन्ही हवा पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी पोचल्या पाहिजेत, म्हणून वरची जोरात धावते, वरचा दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं.

हेच मी कॉलेजांत ऐकलं, पालकांकडून ऐकलं, आणि सहा महिने मॉडेल विमानं उडवणाऱ्यांकडूनही ऐकलं. मग कधीतरी ही मुलं मैदानावर येतात, रेडिओ कंट्रोलचं विमान पाठीवर होऊन सरळ रेषेत जाताना बघतात, आणि एखादा विचारतोच : "सर, उलटं केलं तं फुगीर बाजू खाली गेली ना? मग ते जमिनीकडे ओढल्या जायला पाहिजे!"

पोराचा प्रश्न अगदी बरोबर आहे. चुकीचं आहे ते त्याला शिकवलेलं उत्तर.

दोन्ही हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचल्या पाहिजेत, हे कोणी ठरवलं? निसर्गात असा नियमच नाही. वर गेलेल्या हवेच्या कणाला खाली गेलेल्या कणाची वाट पाहायचं काही कारण नाही. केंब्रिज विद्यापीठाचे होल्गर बाबिन्स्की यांनी धुराचे तुटक झोत पंखावरून सोडून हे दाखवलं, आणि २००३ साली 'फिजिक्स एज्युकेशन' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. वरचा धूर मागच्या कडेला खालच्या धुराच्या बराच आधी पोचतो. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने विद्यार्थ्यांसाठी जी पानं केली आहेत, त्यांतही 'एकाच वेळी पोचण्या'चा हा सिद्धांत चुकीच्या सिद्धांतांमध्येच टाकलेला आहे.

प्रयोगावर विश्वास नसेल तर आकडेमोड करा, दहावीचं गणित पुरतं. शिकाऊंचं एक साधं मॉडेल घ्या. वजन १ किलो, पंखविस्तार ११० सेंटिमीटर, पंखाची रुंदी २३ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटर. वेग सेकंदाला १२ मीटर. खालून सपाट आणि वरून फुगीर अशा नेहमीच्या पंखात वरचा रस्ता खालच्यापेक्षा जेमतेम ३ टक्के लांब असतो. दोन्ही हवा एकाच वेळी पोचतात असं मानलं, तर वरची हवा सेकंदाला १२.३६ मीटर वेगाने जाईल. नागपूरची हवा घनमीटरला सुमारे १.१ किलो धरून, वेग आणि दाब यांचं नातं सांगणाऱ्या बर्नुलीच्या सूत्रात आकडे घातले की दाबातला फरक येतो ५ पास्कलच्याही आत. त्यातून मिळणारी उचल सव्वाशे ग्रॅमदेखील भरत नाही. विमान आहे १ किलोचं. म्हणजे तक्त्यावरचा सिद्धांत खरा असता, तर हे मॉडेल धावपट्टीच सोडू शकलं नसतं.

आणि कसरतींच्या विमानाचा पंख तर वरून-खालून सारखाच असतो. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांत तसूभर फरक नाही. तक्त्यानुसार त्याची उचल शून्य. डेप्रॉनच्या किंवा फोमच्या सपाट शीटमधून कापलेलं मॉडेल आणखी पुढचं, त्याच्या पंखाला फुगवटाच नाही. तरी ते उडतं, उलटं उडतं, प्रॉपेलरवर उभं राहतं. संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवरून चढणारे पतंगही कागदाचेच असतात. त्यांची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा लांब नसते.

इतिहासातही हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. फ्रेंच वैमानिक आदोल्फ पेगू याने सप्टेंबर १९१३ मध्ये ब्लेरिओ विमान उलटं उडवून दाखवलं. त्या विमानाचा पंख पातळ, जरासा वाकवलेला होता. म्हणजे वरचा आणि खालचा रस्ता जवळजवळ सारखाच. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी आपल्या तक्त्यांवर तेच बाण आहेत, याचा मला खरोखर राग येतो.

मग विमान उडतं कशाने? पंख समोरून येणाऱ्या हवेशी थोडा कोन करून पुढे जातो. मैदानावर सगळे त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. या कोनामुळे पंख हवेला खाली वळवतो, आणि हवा पंखाला वर ढकलते. हा झाला न्यूटनचा हिशेब. वरच्या बाजूला हवा जोरात जाते आणि तिथे दाब कमी होतो, हेही खरंच. बर्नुली कुठेही चुकलेला नाही. पण तो वेग वाढतो पंखाभोवती हवा वळते म्हणून, रस्ता लांब पडला म्हणून नव्हे. न्यूटन खरा की बर्नुली खरा, हा वादही त्यामुळे निरर्थक आहे. एकाच घटनेचे ते दोन हिशेब आहेत. फुगवटा उपयोगी पडतो तो कमी कोनात जास्त उचल मिळायला आणि हवा पंखाला जास्त वेळ धरून राहायला. उलटं उडताना अशा पंखाला जास्त कोन द्यावा लागतो, एवढंच.

कोणी म्हणेल, बरं, सिद्धांत चुकला तर चुकला, विमान तर उडतंय ना? मी इतका वेळ घेतोय तो यासाठी, की या चुकीच्या समजुतीमुळे विमानं जमिनीत घुसतात. ते कसं, ते सांगतो.

पहिल्यांदा उलटं उडायला शिकताना करायचं असं : पुरेशी उंची घ्यायची, वाऱ्याच्या तोंडावर यायचं, नाक १०-१५ अंश वर उचलायचं, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) सोडायचा आणि एलेरॉनने (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांनी) अर्धा रोल करायचा. विमान पाठीवर आलं की नाक हळूहळू खाली झुकायला लागतं. आता ट्रान्समीटरची एलेव्हेटरची काडी पुढे, म्हणजे 'डाउन'कडे, जराशी दाबायची. विमान उलटं आहे, म्हणून 'डाउन' दिल्यावर नाक आकाशाकडे जातं, पंखाला हवेशी लागणारा कोन मिळतो आणि विमान सरळ चालत राहतं. ज्याला कोनाचं गणित कळलं आहे, त्याचा अंगठा पुढे जातो. ज्याच्या डोक्यात 'फुगीर बाजू आता विमानाला खाली ओढणार' हेच बसलं आहे, तो नाक झुकलेलं पाहून घाबरतो आणि नेहमीच्या सवयीने काडी स्वतःकडे ओढतो. उलट्या विमानात ओढलं की नाक जमिनीकडे वळतं. ३० मीटरवर असेल तर पुढचं काही सांगायला नको. घाबरलात तर ओढू नका. एलेरॉन देऊन विमान सरळ करा आणि मगच ओढा. हा एक धडा हाताला लागेपर्यंत दुसरी कुठलीही कसरत करायची नाही, असं मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

याच्याच जोडीचा गैरसमज म्हणजे 'उलट्या विमानात सगळ्याच काड्या उलट्या चालतात'. तसं नाही. एलेव्हेटर आणि नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर उलटे होतात. एलेरॉन मात्र होत नाही. विमानाच्या मागून पाहिलं तर उजवी काडी दिल्यावर सरळ विमान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, आणि उलटं विमानही त्याच दिशेने. त्यामुळे उलट्या विमानाने वळण घ्यायचं तर एलेरॉन नेहमीसारखाच, फक्त ओढण्याऐवजी ढकलायचं. विमान तुमच्याकडे तोंड करून येत असताना डाव्या-उजव्याचा जो घोळ होतो, तो वेगळा. तो सरळ विमानातही होतोच.

'स्टॉल झालं म्हणजे मोटर बंद पडली' हे वाक्यही फार चालतं. गाडीच्या भाषेतून ते आलं आहे, आणि विमानाला लागू नाही. पंखाचा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला सोडते आणि उचल कोसळते. तो स्टॉल. मोटर पूर्ण ताकदीने फिरत असतानाही तो होतो, आणि वेग भरपूर असतानाही होतो. लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, काढताना हावरेपणाने जोरात ओढलं की विमान अचानक एका पंखावर कलंडतं, ते यामुळेच. स्नॅप रोल ही कसरत तर मुद्दाम घडवलेला स्टॉल आहे.

'मोठी मोटर लावली की कसरती येतात.' येत नाहीत. लूप गोल व्हायला थ्रॉटलचा हात लागतो : चढताना वाढवायचा, माथ्यावरून उतरताना कमी करायचा. सेकंदाला २० मीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचा लूप काढला, तर तळाशी पंखावर वजनाच्या तिप्पट भार येतो. मोठी मोटर लावून वेग दीडपट केला, तर त्याच लूपमध्ये तो साडेपाचपट होतो. पंखाचा सांधा तेवढा भक्कम आहे का, हे आधी बघा. एफ३ए या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-प्रकारात विमान लांबीला आणि पंखविस्ताराला २ मीटरच्या आत, वजनाला ५ किलोच्या आत लागतं, आणि परीक्षक प्रत्येक कसरतीला १० पैकी गुण देतात ते रेषा, गोलाई आणि जागा यांवर. गर्जना करणाऱ्या मोटरला त्यात गुण नाहीत.

'जायरो लावला की विमान आपोआप कसरती करतं.' जायरो वाऱ्याचे झटके शोषतो, एवढंच; आणि त्याचा सेल्फ-लेव्हल मोड चालू राहिला तर तो उलट्या विमानाला जबरदस्तीने सरळ करायला बघतो.

'सिम्युलेटर म्हणजे टाइमपास.' पिकासिम किंवा रिअलफ्लाइटवर आपलाच ट्रान्समीटर जोडून महिनाभर उलटं उडवा, मग बोला. वारा, डोळ्यांवर येणारं ऊन आणि पोटातली भीती सिम्युलेटर शिकवत नाही, हे मान्य. पण अंगठ्याला पुढे जायची सवय तिथेच लागते, आणि तिथे कोसळलेल्या विमानाला पैसे पडत नाहीत.

आता खास आपल्याकडचा गैरसमज : 'गरम हवा वर जाते, म्हणून उन्हाळ्यात विमान जास्त चांगलं उडतं.' ग्लायडरला वर चढणाऱ्या गरम हवेचा फायदा होतो, तो त्याच्यापुरता. कसरतींच्या विमानाचं उलट होतं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे. जानेवारीच्या सकाळी १२ अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश, या दोन वेळांच्या हवेत घनतेचा फरक जवळपास १० टक्के असतो. त्यामुळे मे महिन्यात त्याच विमानाला हवेत टिकायला पाचेक टक्के जास्त वेग लागतो, आणि प्रॉपेलरचा जोर मात्र कमी झालेला असतो. थंडीत ज्या उंचीवर लूप सहज पूर्ण होत होता, तिथे उन्हाळ्यात तळाशी जमीन जवळ येते. शिवाय लायपो बॅटरी. बंद गाडीत उन्हात ठेवलेली लायपो फुगते आणि पेटूही शकते. मे महिन्यात उडवायचंच असेल तर सूर्य उगवल्यावर तासाभरात आटपा आणि बॅटरी सावलीतल्या पेटीत ठेवा.

सगळ्यात धोक्याचा गैरसमज शेवटी सांगतो : 'हे खेळणं आहे, याला कसली परवानगी?' आपल्याकडे ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत, आणि त्यांत ड्रोन म्हणजे फक्त चार पंख्यांचं यंत्र नव्हे. विमानाच्या आकाराची रिमोटवर चालणारी यंत्रंही त्यात येतात. शिक्षण, संशोधन किंवा छंद यांसाठीच वापरलेलं, २५ किलोच्या आतलं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं यंत्र 'मॉडेल' या वर्गात बसतं, आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण सवलत तेवढीच. आकाशाचे नियम त्यालाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांच्या, म्हणजे ६० मीटरच्या वर जाता येत नाही. ८ किलोमीटरच्या आत तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही. बाकी, परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रात मर्यादा ४०० फुटांची.

नागपूरचं विमानतळ सोनेगावला, शहराला चिकटून आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेनानगरात आहे. धरमपेठेतलं किंवा सीताबर्डीजवळचं मैदान कितीही मोकळं दिसलं, तरी ते विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत पडतं. वरचा हिशेब पुन्हा बघा : २० मीटर त्रिज्येचा लूप २० मीटर उंचीवरून सुरू केला तरी माथा ६० मीटरला टेकतो. म्हणजे कसरतींचा सराव करायला शहराबाहेर, विमानतळापासून लांबचंच मैदान हवं. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि नागपुरात तिची स्क्वाड्रन आहे. कॉलेजातल्या मुलांनी तिथे चौकशी केली तर शिस्तीत शिकता येईल.

मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि आपली जागा लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येते ते बघा. लाल किंवा पिवळी असेल, तर परवानगीशिवाय विमान गाडीतून बाहेर काढू नका.