पाहुण्यांची बाथरूम: रंग गडद, उतार चोख

फ्लॅटमधली पाहुण्यांची बाथरूम बरेचदा 4 बाय 6 फुटांच्या आसपासची. जागा लहान म्हणून पांढऱ्या टाइल्स, ही आपली सवय; पण तिथं कोणी फार वेळ थांबत नाही, तेव्हा रंगाचा धीटपणा करायचा तर इथंच. मोरपंखी किंवा विटकरी रंग एकाच भिंतीला न देता चारही भिंतींना द्या. कोपरे रंगात विरतात, खोली तुकड्यातुकड्यांची दिसत नाही. काळ्या चकचकीत टाइल्स मात्र टाळा. बोअरचं जड पाणी वाळलं की त्यांवर क्षारांचे पांढरे ओघळ उठतात, आणि रोज पुसणार कोण?

खरा पैसा फरशीखाली घाला. जुन्या टाइल्स फोडल्या की वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं, जाळीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघून यायचं. मगच नव्या टाइल्स. जाळीकडे दर मीटरला साधारण 10 ते 15 मिलिमीटर उतार हवा. सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरणं महाग पडतं, पण ते पाणी पीत नाही. आरशावरचा दिवा 3000 केल्विनचा, पिवळसर घ्या. पांढऱ्या उजेडात विटकरी भिंती मळकट दिसतात.