बोटीला अठरा महिने, माणसाला नव्वद दिवस

मित्रांनो, सुरुवातीलाच एक प्रश्न. घरून होस्टेलवर स्कूटर आणायची तर काय काय लागतं? लायसन्स, आरसी बुक, इन्शुरन्स, पीयूसी, आणि वर रेक्टर सरांची परवानगी! आता समजा, स्कूटरऐवजी साठ फुटी पोलादी बोट चालवायची आहे. मग?

इंग्लंडमधलं उत्तर ऐकून आपण चाटच पडतो. तिथे कालव्यावर बोट ठेवायची तर बोटीचं लायसन्स लागतं, विमा लागतो, दर चार वर्षांनी सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. पण चालवणाऱ्याला? काही नाही! हौसेखातर स्वतःची बोट चालवणाऱ्या माणसाची कसलीही परीक्षा तिथला कायदा घेत नाही. आज बोट विकत घ्या, उद्या सुकाणू हातात घ्या. कालव्यावर वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. त्यामुळे फारसं बिघडतही नाही.

पण हीच बोट इंग्लिश खाडीपलीकडे गेली की चित्र बदलतं. इंग्लंडमधली बरीच मंडळी, विशेषतः रिटायर झालेली, आपली बोट घेऊन फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनीच्या नद्या-कालव्यांवर महिनोन् महिने भटकतात. काहींचं तर घरच ते. फिरायला जागाही भरपूर. एकट्या फ्रान्समध्ये सरकारी जलमार्ग संस्थेकडे सुमारे ६,७०० किलोमीटरचं जाळं आहे. १९९२ साली ऱ्हाईन-माइन-डॅन्यूब कालवा पूर्ण झाल्यापासून उत्तर समुद्रातून शिरून थेट काळ्या समुद्रात निघता येतं. फक्त सोबत कागदांची चळत हवी. आपला नो-ड्यूजचा फॉर्म बरा, असं वाटायला लावणारी!

नीट पाहिलं तर हे सगळे कागद तीनच प्रश्नांची उत्तरं देतात. चालवणारा कोण? बोट कुणाची? आणि माणूस राहणार किती दिवस? तिसरा प्रश्न २०२० संपेपर्यंत कुणी विचारतच नव्हतं. खरी गोम तिथेच आहे. पण क्रमाने जाऊ.

चालवणारा कोण?

इथे लागतं आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स. हे युरोपियन युनियनचं नव्हे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या ४० नंबरच्या ठरावातून आलेलं. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशन ही संस्था ते देते. मुदत पाच वर्षं. समुद्रकिनाऱ्यासाठी वेगळा शेरा, नद्या-कालव्यांसाठी वेगळा. दुसरा शेरा हवा तर प्रॅक्टिकलबरोबर एक लेखी परीक्षाही द्यावी लागते, ‘सेव्हनी’ची. सेव्हनी म्हणजे युरोपच्या अंतर्गत जलमार्गांची समान नियमावली. आपल्या भाषेत पाण्यावरचं आरटीओचं पुस्तक.

हा शेरा सगळीकडे सारखाच लागतो असंही नाही. नेदरलँड्समध्ये बोट पंधरा मीटरपेक्षा लहान आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा हळू असेल तर सर्टिफिकेटची गरज नाही. जर्मनीत मुख्य निकष इंजिनाचा, साधारण पंधरा हॉर्सपॉवरच्या वर परवाना. फ्रान्समध्ये हीच रेषा सहा हॉर्सपॉवरवर. आणि गंमत बघा, त्याच फ्रान्समध्ये सुट्टीपुरती भाड्याची बोट घेतली तर कंपनीवाले थोडं शिकवून एक तात्पुरतं कार्ड हातात ठेवतात, झालं काम!

सेव्हनीत असतं तरी काय? लॉकचंच उदाहरण घ्या. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची खोली. तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. बाहेर लाल दिवा असेल तर थांबा. लाल-हिरवा एकत्र असेल तर तयारीत राहा, दार उघडतंय. हिरवा लागला की आत. दोन लाल दिवे दिसले तर लॉक बंद, चहा टाका.

मालवाहू जहाजावर निळा शंकू दिसला तर आत धोकादायक माल आहे. एक शंकू असेल तर त्याच्यापासून १० मीटर, दोन असतील तर ५०, तीन असतील तर १०० मीटरच्या आत आपली बोट बांधायची नाही. ऱ्हाईनवर समोरून येणाऱ्या जहाजाने निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवला, तर अर्थ असा की नेहमीसारखं डाव्या बाजूला डावी न ठेवता आपण उजवीला उजवी ठेवून जाऊ. हे माहीत नसेल तर शंभर मीटर लांबीचं जहाज अंगावर येताना पाहून माणूस नको तिकडे वळतो. या परीक्षेत पाठांतरावर पास होता येईल, पण नदीवर एटीकेटी नाही.

बोट कुणाची?

ब्रिटिश बोट परदेशी पाण्यात न्यायची तर तिची नोंदणी हवी. चोवीस मीटरपेक्षा लहान बोटींसाठी ‘स्मॉल शिप्स रजिस्टर’ आहे. शिवाय विम्याचे कागद, फ्रान्समध्ये जलमार्ग वापरण्याचा टोल भरल्याचा ‘व्हिन्येट’, आणि नेदरलँड्समध्ये तिथलं नियमपुस्तक बोटीवर हवंच. बोट वीस मीटर किंवा जास्त लांब असेल तर तिची तांत्रिक तपासणी होऊन वेगळं प्रमाणपत्र लागतं. हौशी लोकांनी घेतलेल्या जुन्या डच मालवाहू बोटींपैकी अनेक या रेषेच्या पलीकडे जातात.

सिव्हिलवाल्यांसाठी: फ्रान्सचे बरेच कालवे आजही १८७९ च्या कायद्यावर चालतात. मंत्री शार्ल द फ्रेसिने, जे स्वतः इंजिनिअर होते, त्यांनी लॉकचं माप ३९ मीटर बाय ५.२ मीटर ठरवून टाकलं. इंग्लंडची चिंचोळी बोट जेमतेम २.१ मीटर रुंद, त्यामुळे ती तिथे आरामात मावते. उलट मात्र जमत नाही.

ईअँडटीसीवाल्यांसाठी: रेडिओ सेट असेल तर त्याचं लायसन्स आणि चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट, दोन्ही लागतात. शिवाय युरोपच्या नद्यांवर सेटमध्ये ‘एटिस’ हवं. बोलून झालं आणि बटण सोडलं की सेट आपोआप दहा आकडी ओळख पाठवतो. पहिला आकडा ९, पुढचे तीन देशाचे, उरलेले सहा बोटीच्या कॉल साइनवरून. म्हणजे कुणी चॅनेलवर टवाळक्या केल्या तर लगेच कळतं! समुद्रात मात्र हेच एटिस बंद ठेवायचं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी: ब्रिटनमध्ये बोटींना लाल रंग मिसळलेलं डिझेल मिळतं. रंग कशासाठी? कमी कराचं डिझेल ओळखू यावं म्हणून. युरोपात हौशी बोटीच्या टाकीत हा लाल रंग दिसला की करचोरीचा संशय येतो. बेल्जियममध्ये यावरून ब्रिटिश बोटींना दंड झाले आहेत. २०१८ साली युरोपियन न्यायालयाने या पद्धतीबद्दल ब्रिटनच्या विरोधात निकालही दिला. जुना रंग टाकीतून लवकर जात नाही, म्हणून शहाणे लोक कर भरल्याच्या पावत्या फाइल करून ठेवतात.

आणि आता तिसरा प्रश्न

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ब्रिटनचा ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ संपला. त्या रात्री बोट कुठे बांधलेली होती, यावर तिचं नशीब ठरलं. व्हॅट भरलेली बोट युरोपियन युनियनच्या हद्दीत असेल, तर ती ‘आतली’च राहिली. तीच बोट इंग्लंडात असेल, तर ती परकी झाली. परक्या बोटीला आत तात्पुरता प्रवेश अठरा महिन्यांचा. त्याआधी बाहेर काढायची, नाहीतर व्हॅट भरायचा. फ्रान्समध्ये तो २० टक्के आहे. बोट बर्गंडीच्या कालव्यात आत खोल असेल तर नुसतं समुद्रापर्यंत पोचायलाच काही आठवडे जातात.

हे बोटीचं झालं. माणसाचं काय? ब्रिटिश नागरिक पूर्वी युरोपात हवं तितकं राहत. आता त्यांनाही शेंगेन हद्दीत १८० दिवसांत ९० दिवस. आपल्याकडे ज्यांनी शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा काढलाय, त्यांच्या हा आकडा ओळखीचा असेल.

हे कॅलेंडरचे सहा महिने नव्हेत हं. कॉम्प्युटरवाल्यांना लगेच कळेल, ही सरकती खिडकी आहे. प्रत्येक दिवशी मागे वळून शेवटचे १८० दिवस मोजायचे, आजचा धरून. त्यात आत काढलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. समजा, कुणी १ एप्रिलला आत आला आणि सलग राहिला. २९ जूनला त्याचे नव्वद दिवस भरले. आता परत कधी यायचं? तर २८ सप्टेंबरला! अख्खा जुलै-ऑगस्ट गेला. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी अनेक लॉक बंद असतात. म्हणजे बोट तिथेच बांधलेली, विमा चालू, बांधून ठेवायचं भाडं चालू, आणि मालक मायदेशी बसून दिवस मोजतोय. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली क्वचितच दिसेल.

पूर्वी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून हिशेब व्हायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी यंत्रणा सुरू झाली, त्यामुळे दिवस आता मशीन मोजतं. पळवाट नाही, रस्ता मात्र आहे. उदाहरणार्थ, फ्रान्सचा लाँग स्टे व्हिसा. त्यासाठी वेगळा अर्ज, उत्पन्नाचे पुरावे, आरोग्य विमा. म्हणजे चळत आणखी जाड!

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी. ब्रेक्झिटने इतकं उलटंपालटं केलं, पण चालवणाऱ्याच्या सर्टिफिकेटला धक्का लागला नाही. कारण ते युनियनचं नव्हतंच, राष्ट्रसंघाच्या ठरावातलं होतं. लाल-हिरव्या दिव्यांचा अर्थही बदलला नाही. बोट चालवायची अक्कल सीमेपलीकडे जशीच्या तशी मान्य झाली. अडकला तो माणूस. आणि ज्याने ‘माझा कागद नेमका कुणी दिलाय आणि तो कशावर उभा आहे’ हे आधीच पाहून ठेवलं होतं, त्याला धक्का बसला तरी कोड्यात पडावं लागलं नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी नो-ड्यूजचा फॉर्म घेऊन लायब्ररी, मेस, वर्कशॉप असे फेरे मारताना वैतागलात, तर त्या बोटवाल्या आजोबांची आठवण काढा. आणि प्रत्येक सहीखाली नक्की काय लिहिलंय, ते एकदा वाचा. आपण सही घेतो, वाचत नाही. काम अडतं ते नेमकं तिथेच.