कर्करोगग्रस्त मुलांचा योगाभ्यास : सूचनांच्या भाषेचा विचार

कर्करोग झालेल्या मुलांना व कुमारांना योग आणि सजगता यांचा अभ्यास शिकविण्याचे प्रयोग गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांत झाले आहेत. योगाने कर्करोग बरा होत नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. भय, वेदना, थकवा व निद्रानाश यांचा भार हलका व्हावा, इतकाच या अभ्यासाचा हेतू. २०२३ साली दोन वैद्यकीय संस्थांनी संयुक्तपणे प्रौढ कर्करुग्णांच्या चिंतेवर अशा अभ्यासाची शिफारस केली. मुलांविषयी मात्र पुरावा अपुरा असल्याने त्यांनी शिफारस केली नाही.

पुराव्याचा निर्णय वैद्यकाने करावयाचा आहे. परंतु हा उपचार शब्दांतून दिला जातो, आणि तेथे भाषेच्या अभ्यासकास बोलावयास जागा आहे.

'माइंडफुलनेस' या शब्दाचेच पाहा. पालीतील 'सति' या शब्दासाठी र्‍हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली तो योजला. १९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन यांनी अमेरिकेत तो अभ्यास रुग्णालयात आणला, आणि आता शब्द आपल्याकडे परत आला आहे. 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. पण मराठीत स्मृती ही केवळ आठवण राहिली, त्यामुळे मूळ शब्द उपयोगी पडत नाही. 'सजगता' हा शब्द ग्रांथिक. आठ वर्षांच्या मुलाला तो परकाच. उरले 'लक्ष' आणि 'भान'. हे दोन्ही अस्सल मराठी खरे, परंतु आपल्या घराशाळांतून ते बहुधा रागावतानाच उच्चारले जातात. 'लक्ष दे', 'जरा भान ठेव' हे ऐकताच मूल अंग चोरते. त्यापेक्षा 'श्वास नाकाला गार लागतो का ऊन?' असा साधा प्रश्न विचारावा. उत्तर शोधताना लक्ष आपोआप तेथे जाते.

रक्तातील प्लेटलेट कमी झाल्या असतील, अथवा औषधाने पायांतील बळ गेले असेल, तर पुष्कळशी आसने वर्ज्य ठरतात. वैद्याच्या अनुमतीने जे उरते ते बव्हंशी श्वसन आणि निश्चल पडून राहणे. या पडून राहण्याचे परंपरागत नाव शवासन! घेरंडसंहितेत तर त्यास मृतासन असेही म्हटले आहे. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारा, दिवा विझवतानाही शब्द जपणारा आपला समाज. त्याने शेजारची खाट रिकामी झालेली पाहिलेल्या मुलास 'शवासनात जा' असे सांगावे, हे मला असह्य वाटते. शास्त्रीय नावाचा आग्रह येथे धरू नये. 'विसावा' म्हटल्याने आसनाचे काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. मराठीतील 'आपण' हे ऐकणार्‍यास सामावून घेणारे सर्वनाम आहे. 'आपण आता सुई घेऊ या' असे परिचारिका म्हणते, तेव्हा सुई एकट्या मुलालाच टोचते, आणि त्याला ते पुरते ठाऊक असते. 'आपण श्वास घेऊ या' हे वाक्य मात्र खरे करता येते. त्यासाठी शिकविणार्‍याने स्वतः खाटेशी बसून श्वास घेतला पाहिजे.

रुग्णालयातील दिवसभराची क्रियापदे ऐकली, तर मूल बहुधा कर्माच्या जागी आढळते. त्याचे रक्त काढतात, त्याला सलाइन लावतात, पाठीतून पाणी काढताना त्याला घट्ट धरून ठेवतात. 'मी श्वास घेतो' या वाक्यात ते कर्ता होते. कुमारवयीन रुग्णास या कर्तेपणाची भूक विशेष असते, कारण ज्या वयात स्वतःचे निर्णय घेऊ लागावयाचे, त्याच वयात त्याचे जेवणखाण आणि शाळाही इतरांच्या हाती जाते. त्याला निव्वळ आज्ञार्थी 'डोळे मीट' सांगू नये. 'मिटावेसे वाटले तर मीट, नाहीतर खिडकीकडे पाहत राहा. थांबावेसे वाटले तर हात वर कर' असे सांगावे, आणि हात वर होताच खरोखरच थांबावे.