शाळेत येण्यापूर्वीचे मूल

पहिलीत दाखल झालेले एखादे मूल मागून हाक मारली असता वळून पाहत नाही. फळ्यावरील अक्षर मात्र हुबेहूब गिरविते. असे मूल पुष्कळदा ‘मंद’ ठरून मागच्या रांगेत जाते. वस्तुतः त्याला ऐकू येत नसते. हा दोष जन्मापासूनचा असेल, तर त्यावरील उपचाराचा उत्तम काळ मूल शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच सरलेला असतो. भाषा प्रथम कानावाटे येते; पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूला ध्वनीची सवय झाली नाही, तर पुढे श्रवणयंत्र बसवूनही वाचा फुटण्यास फार कष्ट पडतात. म्हणून दाखलपात्र मुलांची पाहणी करीत घरोघर फिरणाऱ्या शिक्षकाने ओसरीवरील तान्ह्या भावंडाकडेही दृष्टी टाकावी.

काय पाहावे? दोन-तीन महिन्यांचे मूल आईकडे पाहून हसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात मान धरते. नवव्या महिन्याच्या सुमारास आधारावाचून बसते. दीड वर्षापर्यंत चालू लागते. दोन वर्षांचे होईतो दोन शब्द जोडून बोलते. थोडे मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. परंतु अंतर बरेच पडले, किंवा येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ हे आजीचे समाधान पुरेसे मानू नये. येथे एक सावधगिरी हवी. सुरगाणा, पेठ या भागांत घरची बोली कोकणा असते. मूल मराठीत गप्प राहिले एवढ्यावरून त्यास दोष लावणे अन्यायाचे होईल. ते घरी काय बोलते, हे आईसच विचारावे.

या कामासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचा आरंभ पालघर येथूनच झाला. त्याची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. अधिक तपासणीची गरज असलेली मुले नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येतात. अशा केंद्रात बालरोगतज्ज्ञासमवेत फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी मंडळी एकत्र काम करतात. वाकड्या पावलाचे मूल पहिल्या काही आठवड्यांतच आणले, तर दर आठवड्यास प्लास्टर बदलून पाऊल बहुधा सरळ करता येते. पुढे काही वर्षे रात्री विशेष बूट मात्र घालावे लागतात. ते सोडले की पाऊल पुन्हा वळते.

सर्वच प्रकार इतके सरळ नसतात. ताठर हातापायांच्या मुलास कसे उचलावे, कसे बसवावे, घास कसा भरवावा, हे तेथे आईला शिकवितात, आणि खरा उपचार घरी, दिवसातून अनेकदा, तिच्याच हातून घडतो. ‘इंजेक्शन नाही, औषधाची बाटली नाही, नुसते खेळवून परत पाठविले’ अशी तक्रार करून कित्येक पालक दुसऱ्या खेपेस जात नाहीत. खेळविणे हाच तेथील उपचार होय, हे समजावून सांगण्यास गावात शिक्षकाइतका विश्वासाचा माणूस क्वचितच सापडतो. डाऊन सिंड्रोमसारखी अवस्था नाहीशी होईल, असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. मूल लवकर बसेल, स्वतःच्या हाताने जेवेल, चार शब्द बोलेल, एवढी आशा धरण्यास आधार आहे.

मोठी अडचण निराळीच आहे. पावसाळा सरला की आदिवासी तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामास जातात. पथक पाड्यावर येते, तेव्हा झोपडीस कडी असते. आणि बागेवरील गावात त्या मुलाचे नाव कोणाच्या यादीत नसते. नाशिकला जायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते. अशा कुटुंबाच्या प्रस्थानापूर्वी अंगणवाडी सेविका व आशा यांच्याशी बोलून मुलाचे नाव, जन्मतारीख, आढळलेली शंका व झालेली तपासणी एका कागदावर लिहून आईजवळ द्यावी, आणि तो कागद बागेवरील गावाच्या अंगणवाडीत दाखविण्यास सांगावे. त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरी राहावी. मूल सहा वर्षांचे होऊन पहिलीत येईल, त्या दिवशी ती वर्गशिक्षकाच्या हाती असावी.