मुंबई हायच्या तळाशी

उजनीहून धाराशिवला येणारी पाइपलाइन फुटली की कारंजं उडतं. शेजारचा शेतकरीच फोन करतो. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातून उरणला येणारी लाइन समुद्राच्या तळाशी आहे. तिथे बोंब मारायला कुणी नाही.

'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगला तिथे फेब्रुवारी १९७४मध्ये तेल लागलं, २१ मे १९७६ला उत्पादन सुरू झालं आणि दोनेक वर्षांत ते नळातून उरणला येऊ लागलं. नळ टाकला म्हणजे सुटलो, असं मात्र नसतं. खालची वाळू वाहून जाते आणि नळ अधांतरी लोंबतो, खारं पाणी पोलाद खातं, नांगर ओरबाडतात. हे बघायला माणूसच उतरायचा. खोली पंचाहत्तर-ऐंशी मीटर. तिथे काम करणारे डायव्हर जहाजावरच्या दाबाच्या कोठडीत दिवसेंदिवस राहतात, तिथेच जेवतात, झोपतात. बाहेर यायचं तर दाब उतरवायलाच तीन-चार दिवस जातात.

या कोठडीचा खरा अर्थ २७ जुलै २००५ला कळला. बोटं कापलेल्या आचाऱ्याला उपचारासाठी मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मवर पोचवायला गेलेलं 'समुद्र सुरक्षा' हे डायव्हरांचं जहाज तिथल्या रायझरवर, म्हणजे तळापासून वर येणाऱ्या नळावर, आदळलं, वायू पेटला, २२ जण गेले. जळतं जहाज सोडून सगळे निघाले, पण सहा डायव्हर कोठडीतच राहिले. दार उघडणं म्हणजे त्यांना मारणंच. सुमारे दीड दिवसाने ते सुटले. पुढे जहाजही बुडालं.

माणसाऐवजी खाली उतरणारी यंत्रं तेव्हा नवी नव्हती. अमेरिकी नौदलाने १९६६मध्येच स्पेनजवळ हरवलेला हायड्रोजन बॉम्ब अशाच केबलवरच्या यंत्राच्या मदतीने वर काढला होता. आजचा आरओव्ही, म्हणजे दुरून चालवायचा पाण्याखालचा यंत्रमानव, तोही केबलवरच उतरतो. पायलट जहाजावर, स्क्रीनसमोर. नळाला टोक टेकवायचं आणि मिलिव्होल्ट वाचायचे: आकडा उणे ८००च्या पलीकडे असला, तर नळावर बसवलेले ठोकळे पोलादाऐवजी स्वतः झिजताहेत, म्हणजे ठीक. किनाऱ्याजवळ पाणी चहासारखं गढूळ. तिथे कॅमेऱ्यापेक्षा सोनार कामाचा.

नॉर्वेच्या 'ह्यूगिन'सारख्या एयूव्हींनी, म्हणजे पाण्याखालच्या स्वयंचलित वाहनांनी, केबलही सोडली; ते आखून दिलेल्या वाटेने एकटेच जातात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही 'माया' बनवली, पण ती लहान, मुख्यतः पाण्याची मोजमापं घेणारी. मैलोन्‌मैल नळ नुसता बघून यायला एयूव्ही उत्तम. मात्र जानेवारी २०११मध्ये मुंबई हाय-उरण तेलवाहिनी गळली, तशी वेळ आली की बघून भागत नाही. एवढ्या खोलीवर क्लॅम्प आवळायला अजूनही बहुधा डायव्हरच उतरतो, आणि वर येऊन त्याच कोठडीत शिरतो.